ऑम्लेट फुगलं नाही, त्यात अंड्याचा काय दोष?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत माझं अंडी, पाव, बटर, टोस्टचं छोटं दुकान आहे. आपला पेपर दुकानात रोज येतो आणि गिऱ्हाईक नसलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत नाश्त्यासाठी फुगीर, आत सारण भरलेल्या ऑम्लेटची कृती आली होती. सोमवारी माझं शटर अर्धं वर जातंय तोवर एक ताई हजर. "मावशी, अंडी शिळी दिलीत. पेपरात दिलंय तस्संच केलं, तर चपटं झालं आणि खाली पाणी सुटलं." मग मेडिकल कॉलेजच्या होस्टेलची मुलं तेच गाऱ्हाणं घेऊन आली. एका काकांनी तर उरलेली अंडी पिशवीतून परत आणली. तेव्हा ती पुरवणी शोधून काढली, चष्मा लावून कृती वाचली आणि ठरवलं की आता लिहायचंच. धंद्याच्या नावाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, अंडी शिळी नव्हती. काकांसमोर बरणीत पाणी घेऊन एकेक अंडं सोडून दाखवलं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. थोडं जुनं झालं की तळाशीच राहतं, पण उभं होतं, कारण त्याच्या रुंद टोकाला असलेली हवेची पोकळी दिवसागणिक वाढत जाते. वर तरंगलं तर मात्र टाकून द्यायचं. काकांची सगळी आडवी पडली. आता गंमत ऐका. चार-सहा दिवस ठेवलेल्या अंड्याचं पांढरं पातळ होतं आणि ते अगदी ताज्या अंड्यापेक्षा लवकर फेसाळतं. ताज्याचा फेस यायला वेळ लागतो, पण आला की टिकतो जास्त. म्हणजे 'शिळं म्हणून फुगलं नाही' हे म्हणणंच मुळात उलटं आहे. अंडं फारच जुनं असेल तर अडचण येते ती वेगळीच. बलकाची पातळ कातडी सैल झालेली असते, त्यामुळे पांढरं वेगळं काढताना बलक फुटतो आणि सगळं मुसळ केरात.

आता आपल्या कृतीकडे येते. चार अंडी, अर्धा कप दूध, चिमूटभर खायचा सोडा, कच्चा कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, हे सगळं एकत्र 'छान फेटून' मोठ्या आचेवर टाका, असं त्यात होतं. पॅन केवढा? लिहिलेलं नाही. झाकण? नाही. किती वेळ? 'शिजेपर्यंत.' वर फोटो मात्र दोन बोटं जाड, सोनेरी, मधून चीज ओघळणाऱ्या ऑम्लेटचा. त्या कृतीतून तो फोटो निघणार नाही, हे मी दुकानात बसून सांगते. वाटल्यास कृती लिहिणाऱ्यांनी माझ्यासमोर करून दाखवावं, अंडी माझ्याकडून.

माझी सून फूड टेक्नॉलॉजी शिकलेली आहे. का होतं ते ती सांगते, कसं करायचं ते मला माहीत आहे, आणि दोघींचं या एका विषयावर तरी भांडण नाही. तिचं म्हणणं असं: अंड्याच्या पांढऱ्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी आणि उरलेलं प्रामुख्याने प्रथिनं. फेटलं की ही प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. पांढरं चांगलं फेटलं तर मूळच्या सहा-आठ पट होतं. बलकात मात्र तिसरा हिस्सा चरबी असते आणि चरबीला हे जाळं सोसत नाही. म्हणून अख्खं अंडं कितीही जीव तोडून फेटा, थोडा फेस येतो आणि बसतो. फुगीर ऑम्लेट हवं असेल तर पांढरं आणि बलक वेगळं करणं हीच खात्रीची वाट. आपल्या कृतीत हेच एक वाक्य नव्हतं.

सोड्याबद्दल थोडं रागानेच लिहिते. अंड्याचं पांढरं आधीच आम्लाच्या विरुद्ध बाजूचं असतं आणि अंडं जुनं होत जातं तसं आणखीच त्या बाजूला सरकतं. त्यात सोडा टाकला तर त्याला धरायला आंबट काही नसतं. मग फुगवटा तर मिळत नाहीच, वर साबणासारखी चव येते. कुणी इनोचं पाकीट टाकतात. ते फसफसतं खरं, पण भांड्यातच. पॅनपर्यंत पोचेस्तोवर निम्मा वायू उडालेला असतो. ढोकळ्याचं पीठ घट्ट असतं, ते वायू धरून ठेवतं. पातळ अंडं तो कसा धरणार? आणि चार अंड्यांना अर्धा कप दूध म्हणजे निम्मं पाणीच. आच लागली की प्रथिनं आवळतात, जादा पाणी बाहेर पडतं आणि ताईंच्या ताटात साचतं. दुधाऐवजी बलकात दर अंड्याला चमचाभर साधं पाणी घालावं. त्याची वाफ होते आणि ती आतून उचलते.

आता करायचं कसं. एका माणसाला दोन अंडी, आणि दोन अंड्यांना बुडाशी सहा-सात इंचांचा पॅन. तीन अंडी असतील तर आठ इंची. दहा इंचीत दोन अंडी ओतली तर फेस पसरून धिरडं होणार, कितीही फेटा. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडावीत, कारण गार असताना बलक घट्ट असतो आणि वेगळा निघतो. मग पांढऱ्याचं भांडं वीसेक मिनिटं ओट्यावर राहू द्यावं. गारठा गेला की फेस जास्त येतो. वेगळं करायला मी बोटं वापरते. तळहातावर अंडं घ्यायचं, बोटांच्या फटींतून पांढरं गळू द्यायचं, बलक हातात राहतो. कवचाच्या दोन वाट्यांतून इकडून तिकडे केलं तरी चालतं, पण कवचाची धार कधी कधी बलकाला लागते. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडावं. शेवटचं अंडं खराब निघालं म्हणून आधीचीही ओतून द्यायला लागू नयेत.

पांढऱ्यात बलकाचा ठिपका पडला तर कवचाच्याच तुकड्याने उचलून काढायचा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. प्लॅस्टिकच्या भांड्याला घासूनही तेलाचा अंश राहतो आणि तेवढाही फेसाला पुरतो. मी भांडं लिंबाच्या फोडीने पुसून घेते, वर पांढऱ्यात लिंबाचे दोन-तीन थेंब टाकते, त्याने फेस धरून राहतो. मीठ मात्र पांढऱ्यात घालायचं नाही. मिठाने फेस यायला उशीर होतो आणि आलेला कच्चा राहतो. मीठ, मिरपूड, कुणाला हवी असेल तर चिमटीभर हळद, हे सगळं बलकात. (सांगली जिल्ह्यात राहून हळद नको म्हणणारी माणसं आहेत, त्यात माझी सून एक.)

फेटायला तारांचा व्हिस्क सगळ्यात बरा. नसेल तर दोन काटेचमचे पाठीला पाठ लावून धरावेत, हात जास्त दुखतो पण काम होतं. आधी सावकाश, मोठे बुडबुडे आले की जोरात. दाढीच्या फेसासारखं पांढरंशुभ्र झालं आणि व्हिस्क वर उचलल्यावर टोक उभं राहून हलकेच वाकलं की हात थांबवायचा. हौसेने आणखी फेटत बसलात तर फेस कोरडा पडतो, त्याचे गोळे व्हायला लागतात आणि मग तो बलकात मिसळत नाही. विजेचं बीटर वापरणाऱ्यांचं इथेच चुकतं. मशीनला थांबायचं कळत नाही.

मिसळताना घाई नको. आधी चमचाभर फेस बलकात घालून तो सैल करायचा, मग बलक फेसावर ओतायचा आणि चपट्या चमच्याने मधून कापत तळाचं वर आणायचं, भांडं फिरवत. गोल गोल ढवळलं की सगळी मेहनत पाण्यात. पांढऱ्याच्या एक-दोन रेघा दिसत राहिल्या तरी हरकत नाही. आणि हे झालं की फोन आला तरी उचलायचा नाही, कारण तयार फेस वाट बघत नाही. म्हणजे सारण आधीच झालेलं हवं, पॅन आधीच तापलेला हवा, पाव आधीच भाजलेला हवा. मी तर जेवणाऱ्याला आधी खुर्चीत बसवते आणि मग पॅनमध्ये ओतते.

पॅन मध्यम आचेवर तापवून त्यात लोणी. लोणी फेसाळतं, मग त्याचा आवाज शांत होतो. तेव्हा मिश्रण ओतून वरून हलकेच सारखं करायचं, आच अगदी बारीक करायची आणि झाकण ठेवायचं. झाकण घुमटासारखं असावं, फेसाला टेकलं तर चिकटून निम्मं वर निघतं. घुमटाचं झाकण नसेल तर खोलगट भांडं पालथं घालावं. साधारण तीन-चार मिनिटं लागतात. बुडबुड्यातली हवा तापून फुगते, पाण्याची वाफ होते आणि त्याच वेळी पांढरं साठ-बासष्ट अंशांपासून पुढे, बलक पासष्टच्या पुढे आळायला लागतो, म्हणून फुगलेलं तसंच धरलं जातं. आच मोठी असेल तर खालचा थर करपतो आणि वर कच्चा फेस थरथरत राहतो. मग माणसं घाबरून उलटायला जातात. हे ऑम्लेट उलटायचं नसतंच. वरची बाजू झाकणाखालच्या वाफेने शिजते.

होस्टेलच्या मुलांसाठी वेगळं सांगते. इंडक्शनची शेगडी कमी आकड्यावर लावली की बंद-चालू, बंद-चालू होत राहते आणि मधल्या गोलाइतकीच तापते. त्यांनी जाड बुडाचा पॅन घ्यावा आणि अधूनमधून अर्धा वळसा फिरवावा. आणि बाळांनो, लोण्याच्या जागी ते पसरायचं स्वस्तातलं स्प्रेड वापरू नका, त्यातलं पाणी तडतडतं.

सारणावर आता येते, कारण निम्मी ऑम्लेटं तिथे बसतात. कच्चा कांदा-टोमॅटो या ऑम्लेटमध्ये घालायचाच नाही, ना आत ना मिश्रणात. टोमॅटोचं पाणी फेस खातं. कांदा आधी लोण्यावर गुलाबी करून, टोमॅटो बिया काढून, सिमला मिरची परतून, सगळं कोरडं होईस्तोवर. पालक असेल तर उकळत्या पाण्यातून काढून मुठीत दाबून दाबून पिळायचा. मशरूमचं पाणी आटलं की ते परत लोण्यावर तांबूस करायचे. आणि सारण गरम हवं. फ्रिजमधलं गार सारण वर ठेवलंत तर खालचा फेस तिथेच बसतो. दोन अंड्यांना दोन, फार तर तीन चमचे पुरे. हे फ्रँकी नाही, ठासून भरायला.

आमच्या घरची आवडती भरणं विचाराल तर पहिला नंबर रात्रीच्या उरलेल्या बटाट्याच्या पिवळ्या भाजीचा. चुरडून, कोरडी परतून, सोबत किसलेलं चीज. दुसरी मटकीची उसळ, रस्सा पूर्ण निथळून. खिमा असेल तर मग बोलायलाच नको, पण त्याचं तेल आधी निथळायला हवं. धाकटा मुलगा कोल्हापूरहून येताना मिरचीचा खरडा आणतो. तो अर्ध्या बाजूवर नखाएवढा फासायचा आणि त्यावर पनीर. पनीर असलं की तिखट सोसवतं. चीजबद्दल एकच सूचना. ते सारणाच्या वर नको, खाली, थेट अंड्यावर किसा. वितळून ते सारण धरून ठेवतं आणि घडी घालताना काही सांडत नाही.

घडीचंही एक तंत्र आहे. जाड ऑम्लेट सरळ दुमडलं की पाठीवर फाटतं. त्याआधी उलथन्याच्या कडेने बरोबर मधोमध एक हलकी खाच पाडायची, आरपार नाही. सारण एका बाजूला, मोकळी बाजू वर, आणि आच बंद करून मिनिटभर झाकण. ताटात सरकवलं की लगेच खायचं. पॅनवरून उतरल्यावर आतली वाफ गार होते, हवा आकसते आणि ऑम्लेट खाली बसायला लागतं. ते होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. तीन माणसांना एकदम वाढायचा हट्ट असेल तर हे ऑम्लेट करू नये, भुर्जी करावी.

होस्टेलच्या एका मुलीने मला फोनवर फ्रान्समधल्या माँ साँ मिशेलचा व्हिडिओ दाखवला. समुद्रातल्या एका खडकावर जुना मठ आहे आणि त्याच्या पायथ्याशी ॲनेट पुलार नावाच्या बाईंनी 1888 साली सुरू केलेली खाणावळ. तिथे आजही तांब्याच्या मोठ्या वाडग्यांत तालावर अंडी फेटतात आणि लांब दांड्याच्या पॅनमध्ये लाकडाच्या आगीवर भाजतात. आवाज ढोलकीचा वाटतो. सून म्हणाली, तांब्याचा अंश पांढऱ्यातल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि फेस पक्का होतो, म्हणून त्यांना लिंबू लागत नाही. आपल्या देवघरातलं तांब्याचं भांडं घेऊन कुणी करून बघणार असेल तर लिंबू मात्र घालू नये, आंबट लागलं की तांबं अन्नात उतरतं. आणि सासूबाईंची परवानगी घ्यावी.

याचा अर्थ प्रत्येक ऑम्लेट असंच जाड असलं पाहिजे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. गोव्यात संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट मिळतं. त्यात ऑम्लेट पातळच हवं, कारण वरून शाकुतीचा रस्सा पडतो आणि सोबत पाव बुडवायचा असतो. एसटी स्टँडसमोरच्या गाडीवरचं हिरवी मिरची, कांदा, कोथिंबिरीचं, कडा कुरकुरीत झालेलं ऑम्लेट मोठ्या आचेवरच चांगलं लागतं. तिथे कच्चा कांदाच पाहिजे. पण गाडीची कृती घ्यायची आणि वर फुगीर म्हणून नाव द्यायचं, हे गिऱ्हाइकाला फसवणं झालं.

एक गोष्ट स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध लिहिते. या ऑम्लेटसाठी महागाची गावरान अंडी घेऊ नका. गावरान अंडं आकाराने लहान, त्यात पांढरं कमी, आणि फुगवटा सगळा पांढऱ्यातून येतो. पोल्ट्रीचं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं साधं पांढरं अंडं इथे सरस. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तपकिरी दिसलं म्हणून जास्त सत्त्व असं काही नाही. चव घ्यायची असेल तर गावरान अंडं उकडून, मीठ-मिरपूड लावून खावं. अंडी घरी नेल्यावर धुऊन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनाही सांगते, धुवायचं तर फोडायच्या आधी धुवा. कवचाला बारीक छिद्रं असतात, ओलं ठेवलं की बाहेरची घाण आत जायला वाट मिळते. गरोदर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं यांच्यासाठी मधला भाग ओला ठेवू नये. बारीक आच आणि झाकण असलं की हे ऑम्लेट आतपर्यंत शिजूनही मऊ राहतं.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच आहे. कृती छापताना अंडी किती, पॅन केवढा, आच कोणती, झाकण आहे की नाही, हे चार शब्द जास्त छापा. जागा नसेल तर फोटो लहान करा. आणि फोटो त्याच कृतीचा असू द्या. कृती लिहिणाऱ्याने ती एकदा तरी घरच्या गॅसवर केलेली असावी, ही मागणी फार मोठी आहे का, ते आपणच ठरवा.

आपली नियमित वाचक,
एक अंडी-पाववाली, मिरज

ता. क. आपण बाजारभावात अंड्यांचा दर छापता तो एनईसीसीने (राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने) सुचवलेला, शेकड्याचा, घाऊक असतो. गिऱ्हाइकं त्याला शंभराने भागून माझ्याशी हुज्जत घालतात. 210 अंड्यांची पेटी गाडीतून उतरेपर्यंत त्यात भाडं, हमाली आणि फुटलेली अंडी जमा होतात, वर माझी दिवसभराची बैठक. त्या आकड्याशेजारी कंसात 'घाऊक' एवढं छापाल का?